दसऱ्याला पुजलेला कॉम्प्युटर

"भाचेबुवा, हा डब्बा चालू करता का उचलून उकिरड्यावर फेकू?"

वजनकाट्याच्या खोलीच्या खिडकीतून मामा ओरडला आणि अकोटहून अकोल्याला निघालेल्या यष्टीनं मधेच ब्रेक मारला, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. आमच्याकडे भाच्याचा मान मोठा, मामा त्याच्या पाया पडतो. त्यामुळे माझी अब्रू निघाली तीही आदरानंच.

अकोटच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मला अकोल्याहून बोलावलं होतं. त्यातून वजनाची चिठ्ठी निघाल्याशिवाय गाडी आत जात नव्हती. कापसाच्या गाड्यांच्या रांगेचं शेपूट हिवरखेडात असावं. तोंडाशी मामाची ट्रॉली, उघडी. ताडपत्री घरी सोयाबीनच्या गंजीवर. सातपुड्याकडून आभाळ म्हशीसारखं काळं होऊन येत होतं, आणि फाटकावरच्या माणसानं सांगूनच टाकलं होतं, ओला कापूस परत जाईल. मामाची अख्खी पहिली वेचणी त्या ट्रॉलीत होती.

मशीन गुमान सुरू व्हायचं. ट्रॉली काट्यावर चढली, वजनाचा आकडा वायरीतून आत आला, की पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं: कर्नेल पॅनिक. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोच बेशुद्ध. मी मेमरी बदलली, वायर बदलली, सगळी सिस्टिम नव्यानं टाकली. ज्यांना कधी नारळ फोडला नाही अशा देवांनाही हाका मारून झाल्या.

"बाप्पा, पाणी हिवरखेडले आलं म्हणते," मामा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता.

मग मी ती पांढरी अक्षरं नीट वाचली. इंटरप्टची तक्रार होती. मशीनमधलं प्रत्येक कार्ड प्रोसेसरला बोलवायला आपली घंटी वाजवतं, तिला इंटरप्ट म्हणतात. इथे काट्याचं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड एकच घंटी ओढत होती. काट्याचं कार्ड जुनं, ते घंटी वाटून घेणारं नव्हतं. कोणी तरी शहाण्यानं त्याला सेटिंगमध्ये वेगळी घंटी दिली असणार. मग ती गेली कुठे? मी डबा उघडला. आत कार्डावर हळद, पंख्यावर कुंकू.

"दसऱ्याले पूजा केली न," काट्यावरचे कारकून, काटेबाबू, म्हणाले. "सारे पुर्जे काढून पुसले."

"हा बॅटरीचा गोल शेलही?"

"मंग? त्याले काहून वगळाचं?"

मशीन बंद असताना सेटिंगा त्या शेलवरच टिकतात; तो निघाला तशा सगळ्या पुसल्या गेल्या आणि दोन्ही कार्डं पुन्हा एका घंटीवर आली. त्या भल्या माणसावर ओरडायलाही वेळ नव्हता. मी सेटिंगच्या पडद्यात शिरलो, काट्याच्या कार्डाला वेगळी घंटी दिली, मशीन पुन्हा सुरू केलं. ते इतकं सावकाश उठलं की तेवढ्यात माझी दाढी वाढली. आणि वरच्या टिनांवर टपटप सुरू झालं. मग टपटप ऐकू येईना, नुसता गदारोळ.

काट्यावरच्या ट्रॉलीचा आकडा आला. पडदा काळा झाला नाही. चिठ्ठी निघाली. ती शर्टाखाली धरून मी बाहेर पळालो.

मामा ट्रॉलीवर उभा होता, अंगातला सदरा कापसावर पसरलेला.

"मामा, झालं. काटा चालू झाला."

त्यानं मूठभर कापूस उचलला, पिळला, हातातून पाणी गळू दिलं.

"आता याचं वजन जास्त भरन," तो म्हणाला.