मान खाली घालून पाहिलेली खाडी

सहस्रबुद्धे गुरुजी मुलांना निसर्ग दाखवायला नेत ते शिट्टी घेऊन. शिट्टी झाली की ठाण्याच्या आमच्या शाळेची पंचवीस मुलं असतील तिथे उकिडवी बसायची, वह्या उघडायची आणि माना खाली घालायची. "आधी नाव, मग नजर!" हा गुरुजींचा मंत्र. नाव, उपयोग, अपाय हे सगळं उतरवून होईपर्यंत मान वर करायला बंदी. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, पण ते अजून या मानांपर्यंत पोचलं नव्हतं.

एकदा तळ्याकाठी गुरुजी ओरडले, "खंड्या! लिहा!" मुलं लिहू लागली. तेवढ्यात खंड्याने सूर मारला, मासा उचलला आणि तो उडूनही गेला. पाहिला फक्त मी. मी मदतनीस बाई, मला वही नव्हती. गुरुजी शुद्धलेखन तपासत होते. एवढ्या विद्वत्तेपुढे पाखराने तरी किती वेळ थांबावं?

मग कोलशेतच्या खाडीची सहल निघाली. दिवस नेमका अमावास्येचा, म्हणजे मोठ्या उधाणाचा. मिठागरावरच्या कुणीही हे सांगितलं असतं, पण अडाण्यांना विचारतील तर ते गुरुजी कसले? त्यांनी मुलांना बांधाखाली तिवरांच्या झाडांमधल्या चिखलात उतरवलं आणि भरतीची व्याख्या सांगायला घेतली. ती लांबलचक होती. पाणी तिच्या आधी आलं.

बांधावरून मीठ वाहणारी चांगुणाबाई ओरडली, "ओ मास्तर, पोरांना वर काढ! पानी आयलं!"

"बाई, वाक्य पुरं होऊ द्या," गुरुजी म्हणाले.

चांगुणाबाईने डोक्यावरची पाटी फेकली आणि ती खाली धावली. आम्ही दोघींनी मुलांना ओढून बांधावर घातलं. छोटी सुमी मात्र कमरेपर्यंत रुतली होती आणि पाणी तिच्या छातीला लागलं होतं. गुरुजी तिच्याकडे धावले आणि स्वतःच धोतरासकट रुतले. चांगुणाबाईने आधी सुमीला काखेत धरून उपसलं, मग त्यांना.

गुरुजी चिखलाने माखून बांधावर बसले. मला दया आली नाही, संतापच आला.

"हाक ऐकू आली ना? मग उठली का नाहीस गं?" त्यांनी सुमीला विचारलं.

"तुमचं वाक्य संपलं नव्हतं, गुरुजी."

गुरुजींनी तोंड फिरवलं. सुमी चिखल पुसत म्हणाली, "गुरुजी, निवटी मासा आहे ना? मग तिला पाय असतात का हो? माझ्या नाकासमोरून ती तिवरावर चढली."

वर्षानुवर्षं निवटीवर चार ओळी लिहून देणारा तो माणूस वळून त्या तिवराकडे पाहू लागला.

"ठाऊक नाही, बाळ," ते म्हणाले. "मी कधी पाहिलीच नाही."