मूळगाव शोधून देणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना साक्षात ब्रह्मदेव भेटला, तरी नमस्कार करायच्या आधी ते विचारतील, "आपण मूळचे कुठले?" आणि "कमळातला" एवढ्या उत्तरावर त्यांचं समाधान होणार नाही. कमळ कुठल्या तळ्यातलं आणि त्या तळ्याकाठी आणखी कोण कोण राहतं, हे कळल्याशिवाय ते देवाला सोडायचे नाहीत. निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी एका वधूवर मंडळात हौसेने काम केलं. तिथे स्थळं तपासता तपासता जडलेली ही खोड मुलाच्या नोकरीपायी नागोयाला आल्यावरही सुटली नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या आत्तेसासूबाईंचं सासर खणून काढलं, ते आपल्या चुलतभावाच्या व्याह्यांशी नेऊन जोडलं आणि "म्हणजे आपण नातेवाईकच की!" म्हणत दुसऱ्या दिवसापासून हक्काने चहाला यायला लागले.

जपानी माणसं बिचारी सभ्य. आमच्या इमारतीत कचऱ्याच्या वर्गीकरणावर लक्ष ठेवणारे एक आजोबा आहेत. काकांनी प्लास्टिक कचऱ्याच्या पिशवीत केळ्याची सालं टाकली म्हणून ते कमरेत वाकून समजावायला आले, तर काकांनी मोबाइलवर भाषांतर करत करत त्यांच्याच तीन पिढ्या विचारून घेतल्या. आजोबा सेंदाईकडचे निघाले. "तरीच! तिकडची माणसं शिस्तीची," असा निकाल काकांनी जागच्या जागी दिला. सेंदाई कुठे आहे, हे त्यांनी घरी जाऊन नकाशात पाहिलं.

अशा माणसाच्या तावडीत तळमजल्यावरची, इंग्रजी शिकवणारी ऑस्ट्रेलियन बाई सापडली यात नवल नाही. नवल हे, की तिला उत्तरच देता येईना. पणजोबा आयर्लंडहून जहाजाने ऑस्ट्रेलियात आले, एवढंच घरात ठाऊक. गाव कोणालाच माहीत नाही. तिचे वडील ऐंशीच्या पुढचे, आणि अलीकडे त्यांना विसर पडायला लागला होता. आपल्या आजोबांच्या गावात एकदा उभं राहायचं, ही एकच इच्छा ते धरून बसले होते. ते सगळंच विसरून जायच्या आत तिला त्यांना तिथे न्यायचं होतं. काकांचा चेहरा मात्र असा उजळला, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाव आडनावातच असतं," काकांनी तिला धीर दिला. "सातारकर साताऱ्याचे, नगरकर नगरचे. यात संशोधन कसलं करायचं?" मग आयर्लंडचा नकाशा माझ्या जेवणाच्या टेबलावर आला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. शेवटी तिच्या आडनावाशी जरासं जुळणारं एक गाव सापडलं. काकांनी तिला विमानाची तिकिटं काढायला सांगितली, तेव्हा ती अगदी संकोचून म्हणाली, "आमच्या आडनावात गाव नसतं, काका-सान. कुणातरी फार जुन्या पूर्वजाचं नाव असतं." त्या दिवशी काका चहाला आले नाहीत.

तिने मग जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी इंटरनेटवर पाहिल्या. पणजोबांच्या नावाची, त्यांच्याच वयाची चार मुलं चार गावांत निघाली आणि ती हताश झाली. ती नाद सोडणार, एवढ्यात काकांनी विचारलं, "आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. तुमच्याकडे काय रीत?" तिने आमच्याच घरून वडिलांना फोन लावला. सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या म्हाताऱ्याने क्षणात सांगितलं, थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्या मुलीला वडिलांच्या आईचं. पणजोबांचा थोरला मुलगा कॉर्नेलियस, दुसरी मुलगी ओनोरा. म्हणजे पणजोबांचे आईबाप याच नावांचे असणार! आणि कॉर्नेलियस-ओनोरा हे जोडपं चारांपैकी एकाच गावात होतं, पश्चिमेच्या क्लेअर परगण्यात. "पण काका, हा काही पक्का पुरावा नव्हे," मी म्हटलं. "अगं, लग्नंसुद्धा याच्याहून कमी माहितीवर ठरवलीत मी," काका म्हणाले, "आणि टिकलीत!"

मे महिन्यात एका संध्याकाळी काका आमच्याकडे चहा घेत असताना व्हिडिओ कॉल आला. हिरवा उतार, दगडी कुंपणं, आणि मुलीच्या हाताला धरून उभे असलेले टोपीवाले म्हातारे वडील. समोरून गावातलाच एक शेतकरी आला आणि कोण, कुठले म्हणून त्याने चौकशी केली. मला वाटलं, आता हे गोंधळणार. पण म्हाताऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आजोबांचं, एकदाही न अडखळता. शेतकऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि तो कितीतरी वेळ सोडलाच नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला. जन्मात पहिल्यांदाच त्यांना काही विचारायचं नव्हतं. फोन बंद झाल्यावर ते उठून खिडकीशी गेले. इथेच जन्मलेली, त्यांच्या मराठीला जपानीत उत्तरं देणारी त्यांची नात खाली मैत्रिणींबरोबर सायकल फिरवत होती.

"हिची नातवंडं कुठल्या देशात असतील, कोण जाणे," ते म्हणाले. "पण शोधतील गं. आणि त्यांनाही कुणीतरी भोचक भेटेलच की."