उजव्या लाकडामागचा नंबर

जुनी रिव्हॉल्व्हरं पारखून त्यांची कार्डं लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना लिलावघरात सगळे 'कार्डमास्तर' म्हणत. माणूस कमालीचा चिकट. समोरचा चहा थंडगार होईल, पण मास्तर भिंगावरून डोळा काढणार नाहीत. आधी सांगाडा बघायचा, अखंड आहे की बिजागरीवर उघडतो. मग नळीची लांबी, चक्रीत गोळ्या किती, स्क्रू किती. एवढं झालं की नाव ठरायचं, 'पहिलं मॉडेल, दुसरा प्रकार' वगैरे. गंमत म्हणजे ती बनवणाऱ्या कारखान्याला यातल्या कित्येक नावांचा पत्ताच नव्हता. शौकिनांनी ती मागाहून ठेवलेली, नातवंडांनी आजोबांचं नाव ठेवावं तशी.

मास्तरांचा एक हट्ट मात्र सगळ्यांना पाठ होता. "बाहेरचा नंबर कोणीही ठोकतो," ते म्हणत, "मुठीची लाकडं काढल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही." उजव्या लाकडाच्या पाठीमागे कारागिराने नंबर उठवलेला असे. तो सांगाड्याच्या नंबराशी जुळला तर हत्यार अस्सल, नाहीतर 'मिश्र' शेरा बसलाच.

त्या सकाळी एक बाई बुटाच्या खोक्यात रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या. सोबत पोलिसांची परवानगीची चिठ्ठी होती.

"सासऱ्यांच्या कपाटामागे सापडलं हो. गेल्या महिन्यात वारले ते. बँकेत मॅनेजर होते."

"कोणत्या शाखेत?" मास्तरांनी सहज विचारलं.

"बाजारातल्या. जन्म तिथेच गेला त्यांचा."

मास्तरांनी सरावाने कार्डावर लिहिलं: बिजागरीचं, सहा गोळ्यांचं, तिसरा प्रकार. मग मुठीच्या तळाचा नंबर पाहिला. आकड्यांभोवती लोखंड जरा खोल गेलेलं होतं. "घासलंय लेकाच्याने," असं पुटपुटत त्यांनी स्क्रू काढला. उजव्या लाकडाच्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. त्यांनी ते उलटं केलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

चार, एक, सात, शून्य, सहा.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. आकडे तेच. बाई काहीतरी विचारत होत्या, ते त्यांच्या कानात शिरेना.

हा नंबर त्यांना नऊ वर्षांचे असल्यापासून पाठ होता. वडील त्याच शाखेत पहारेकरी होते. एक दिवस बँकेचं पत्र घरी आलं: रिव्हॉल्व्हर क्रमांक ४१७०६ गहाळ केल्याबद्दल, विकल्याचा संशय असल्याने, कामावरून कमी. वर्गातली पोरं 'चोराचा' म्हणून हाक मारू लागली. मास्तरांनी पुढे वडिलांना सांभाळलं, औषधं आणली, चष्मे बदलून दिले. पण समोर बसून चार शब्द कधी बोलले नाहीत.

कार्ड अर्धवट टाकून ते भर दुपारी घरी गेले. वडील खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते. नव्वदीला टेकलेले, पण कान शाबूत.

"बाबा, ते रिव्हॉल्व्हर सापडलं. तुमच्या मॅनेजरच्या घरात."

म्हाताऱ्याचा सुईचा हात थांबला. "उजव्या लाकडाला टवका आहे? खालच्या कोपऱ्यात?"

"आहे."

"मग तेच. माझ्याच हातून पडलं होतं एकदा."

"म्हणजे त्यांनीच..."

"नेताना बघितलं होतं मी. बँकेत सांगितलं, पण पहारेकऱ्याचं कोण ऐकतो?"

मास्तरांना संताप आला तोही म्हाताऱ्यावरच निघाला. "मग मला का नाही सांगितलंत? एवढी वर्षं! मी तुम्हाला..."

पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना. परक्याचं हत्यारसुद्धा उघडून बघितल्याशिवाय त्यावर शेरा न मारणारा माणूस तो. आणि त्याने नऊ वर्षांचा असताना एका पत्रावरून बापाचं कार्ड लिहून टाकलं, ते आजतागायत तसंच होतं. लाजेने त्यांचे कान तापले.

वडिलांनी दाताने दोरा तोडला. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"अरे, तू एकदा तरी विचारलंस का?"