एकोणतीस फुल्या

घरचे म्हणतात, हिला खोटं बोलता येत नाही. खरंच आहे. मी तोंडावर बोलते, भांडते आणि मोकळी होते. म्हणूनच घाटकोपरला सरांच्या छोट्याशा घरात मी काय केलं, ते आजवर कुणाला सांगायची हिंमत झाली नाही.

सर म्हणजे शाळेतले माझे चित्रकलेचे शिक्षक. आज मी मुलुंडच्या एका शाळेत तोच विषय शिकवते, ती त्यांच्यामुळे. नोकरी सांभाळून त्यांनी तीसेक वर्षं लाकडात चित्रं कोरली. मोडका पलंग, पाडलेल्या चाळीचा दरवाजा, जे मिळेल ते उचलून आणायचे, रंधा मारायचे, पटाशीने कोरायचे. मग त्या ठोकळ्यावर शाई फिरवून वर कागद ठेवायचे आणि भाताच्या चमच्याची पाठ त्यावर घासायचे, कारण प्रेस ठेवायला जागाच नव्हती. गिरणी बंद पडल्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेले वडील, गोवंडीच्या कचऱ्यात वाकलेल्या बायका, शेवटच्या आजारातली आई. असली चित्रं दिवाणखान्यात कोण लावणार? कुणी लावली नाहीत.

त्यांचं दैवत एक जर्मन चित्रकार. सर त्याला नुसतं ‘आपला जर्मन’ म्हणायचे, जणू शेजारच्या पंतनगरात राहतो. आम्हा पोरींना त्यांनी त्याचं अख्खं आयुष्य सांगितलं होतं. शिकला इमारती बांधायला, आणि मित्रांना जमवून चित्रं काढायला लागला. बर्लिनच्या रस्त्यावरच्या बायका काढल्या, टोकदार, हिरव्या-पिवळ्या तोंडांच्या. युद्धात सैन्यात गेला आणि डोक्याने मोडून परत आला. मग त्याने स्वतःला गणवेशात रंगवलं, आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला दाखवला. हात खरा शाबूत होता. पुढे स्वित्झर्लंडच्या डोंगरात जाऊन राहिला, तिथेही लाकूड कोरत होता. मायदेशातल्या सरकारने त्याची शेकडो चित्रं संग्रहालयांतून काढली, काही तर लोकांनी हसावं म्हणून टांगली. शेवटी त्याने आपले बरेच ठोकळे स्वतःच नष्ट केले आणि गोळी झाडून घेतली. हे सांगताना सर म्हणायचे, “मूर्ख! ठोकळ्यांनी काय घोडं मारलं होतं?”

तेच सर सत्तरीत फिरले. कंपवाताने हात गेले. चहाची बशी धरवेना, तिथे पटाशी कसली धरणार! त्यात बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची होती. मूलबाळ नाही, घरात सर आणि त्यांची बायको, आमच्या काकू, दोघंच. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “सगळ्या ठोकळ्यांवर फुली मार.”

आमच्या धंद्यात ही रीत आहे. ठरलेले ठसे काढून झाले की ठोकळ्यावर आरपार फुली कोरायची, म्हणजे पुढे कुणी त्याच्यावरून नवे ठसे काढू शकत नाही. आणि फुली मारल्याचा पुरावा म्हणून एक ठसा काढून ठेवायचा. पण सरांनी एकेका ठोकळ्याचे जेमतेम चार-पाच ठसे काढलेले, तेही माणसांना वाटून टाकलेले. ठोकळे हेच त्यांचं सगळं काम होतं.

मी जाम भडकले. “सर, डोकं ठिकाणावर आहे का? त्या जर्मनाला मूर्ख म्हणत होतात ना?”

“तेव्हा माझा हात चालत होता गं. तू नाही केलंस तर खालच्या सुताराला बोलावीन. एकोणतीसच्या एकोणतीस ठसे मला दाखवायचे, कळलं?”

सुताराने खरंच सगळे ठोकळे कापून ठेवले असते. मी हो म्हटलं.

तीन रविवार मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून ते काम केलं. सर आत अंथरुणावर, मधल्या दाराला पडदा. एकाही ठोकळ्याला मी पटाशी लावली नाही. शाई फिरवली की कागदाच्या दोन बारीक पट्ट्या कापून ठोकळ्यावर आडव्या-तिडव्या टाकायच्या, वर कागद ठेवून चमचा घासायचा. पट्टीवरच्या कागदाला शाई लागत नाही, म्हणून ठशावर पांढरी फुली उमटते. अगदी कोरल्यासारखी. पट्ट्या पर्समध्ये घालून मी घरी न्यायचे आणि तिथे फेकायचे. स्वतःवर खूश होते मी. शहाणी!

ठसे सरांच्या मांडीवर ठेवले. काकू चहा घेऊन शेजारी उभ्या होत्या. सरांनी एकेक कागद बघितला, थरथरत्या अंगठ्याने फुली चाचपली. म्हणाले, “ठीक. सगळे रद्द झाले.” काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

काकूंना मी खरं सांगितलं नाही. माणूस सोन्यासारखं, पण तोंडात तीळ भिजत नाही. सरांना तासाभरात कळलं असतं. ठोकळे चार पोत्यांत भरून दाराशी ठेवले आणि म्हटलं, टेम्पो सांगते, घेऊन जाते. मग शाळेचे पेपर आले, घरी पाहुणे आले. आज नेते, उद्या नेते, असं करत दहा दिवस गेले.

मधे होळी आली. जुन्या बिल्डिंगची ती शेवटची होळी, म्हणून सगळ्यांनी माळे रिकामे केले. फळ्या, पाट, मोडकी कपाटं सगळं खाली गेलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तर दाराशी पोती नव्हती. काकू स्वयंपाकघरात होत्या.

“होळीत दिले गो,” त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या. “रद्द झालेले मां? मगे कित्याक ठेवूचे? असेच टाकूक माझा जीव होईना. हळदकुंकू लावलंय, मगच खाली धाडलंय. सगळे म्हणत होते, सागवान असा, काय सुंदर पेटला!”

त्या बाईवर कशी चिडणार? त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. चूक माझी होती, सगळीच्या सगळी.

आतून सरांची हाक आली. मी गेले. त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

“पोती गेली दारातून. नेलीस ना?”

मी त्यांच्या अंथरुणाशी जाऊन बसले.

“अगं, मला फसवतेस? कोरलेल्या रेघेवर कागद फुगतो. तुझ्या रेघा दबलेल्या होत्या. अंगठा फिरवला तेव्हाच कळलं. बोललो नाही, ही समोर होती. हिच्या पोटात काही राहत नाही.” त्यांनी माझा हात धरला, त्यांचा हात माझ्या हातात पाखरासारखा फडफडत होता. “तू माझं ऐकशील की काय, याच धास्तीत होतो मी. बरं झालं ऐकलं नाहीस. नीट आहेत ना सगळे?”

“हो सर. घरी आहेत. पलंगाखाली.”

“आईचा तेवढा पुढच्या वेळी घेऊन ये. एकदा हात फिरवायचाय.”

“आणते,” मी म्हटलं.

त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नाही. काकूंचे फोन यायचे, सर विचारतायत गो, कधी येतंस? परीक्षा चालू आहेत, काकू, असं मी सांगायचे. परीक्षा संपल्या तरी तेच सांगायचे. सोळाव्या दिवशी त्यांचा फोन सकाळी सातलाच वाजला. पुन्हा तेच विचारणार, म्हणून मी उचलला नाही. सर गेल्याचं सांगायला केला होता तो.