बत्तेवाली

बत्तेवाली आधी मारायची, मग कारण सांगायची. तिच्या पिशवीत किल्ल्या, रुमाल आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता असे. बत्ता कोल्हापूरचा, तीही तिथलीच. इथे आयर्लंडमध्ये, स्लायगोच्या हॉस्पिटलात माझा मुलगा डॉक्टर आहे. त्याच्यासारख्यांना ती डबे द्यायची. एकदा एका पोराने तिच्या दारावर अंडी फोडली. तिने त्याला केसाला धरून आणला आणि दार धुवून घेतलं. पोरगं रडत होतं. ही म्हणते, "कोपरं बी पूस."

नवरा मात्र गरीब. टॅक्सी चालवायचा, कुणाला उलटून बोलायचा नाही. आमच्या भागातल्या एका फर्निचरवाल्याला कौन्सिलला उभं राहायचं होतं. तो चौकात कर्णा घेऊन ओरडायचा, "परक्यांना हाकला!" त्याच आठवड्यात भर दुपारी पोरांनी तिच्या नवऱ्याला टॅक्सीतून ओढून तुडवलं. जबडा मोडला, पुढचे दात पडले. फर्निचरवाला म्हणाला, "लोक चिडलेत, मी काय करू?"

मला वाटलं, ही आता त्याचं डोकं फोडणार. हिने त्याच्याच पक्षाचं सभासद कार्ड काढलं.

"लाज आहे का गं?" मी म्हणाले. "तुला तर तो दुसरा पक्ष आवडतो."

"आवडतो की. पण एकाचं कार्ड घेतलं की दुसऱ्याचं मिळत न्हाई. आणि म्हातारे, इथं ह्यांचा एक माणूस दर खेपेला निवडून येतोच. तो कोण, ते हे लोक हॉलात दार लावून ठरवतात. आत फक्त कार्डवाले. मी बाहेर उभी राहून बोंबलू?"

"म्हणजे त्यांच्या पंगतीला बसणार?"

"पंगतीला न्हाई. वाढपी बदलायला."

नव्या कार्डाला लगेच मत नसतं. ती बैठकांना जात राहिली, त्यांचे कप विसळत राहिली, नको ते ऐकत राहिली. घरी येऊन लसूण असा कुटायची की भिंत हादरायची.

उमेदवार निवडायच्या दिवशी तिने हॉलच्या दारात बत्ता माझ्या हातात दिला. "आत हात उचलला तर बाहेर काढतील. मत जाईल. मी मागितला तरी देऊ नको."

मी दाराच्या काचेतून बघत होते. रांगेत फर्निचरवाला तिच्या कानाशी आला. काय म्हणाला ते तिने नंतर सांगितलं: "नवऱ्याचे नवे दात कसे आहेत? ग्रँड?" इथे झकासला ग्रँड म्हणतात. तिचा हात पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला. मग दोन्ही हात तिने कोटाच्या खिशात कोंबले. पाळी आल्यावर एकच हात काढला, दुसऱ्या उमेदवाराच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा एकचा आकडा घातला आणि कागद पेटीत टाकला.

फर्निचरवाला थोडक्यात पडला. बाहेर येऊन त्याने राग टॅक्सीत बसलेल्या नवऱ्यावर काढला. खिडकीतून हात घालून त्याची गचांडी धरली.

"दे बत्ता!" ती ओरडली.

मी तो शालीखाली घट्ट धरला. दिला असता तर मुडदाच पडला असता. तिने मुठीने मारलं. त्याचं नाक फुटलं. तो खाली पडला तरी ती मारतच होती. शेवटी नवऱ्यानेच तिला कमरेला धरून ओढली. तिची दोन बोटं मोडली होती.

पोलीस आले, केस झाली, पक्षाने कार्ड काढून घेतलं. "घेऊ देत," ती म्हणाली. "मत पेटीत पडल्यावर मारलंय. आधी न्हाई."

नवऱ्याला इथले रस्ते नकोसे झाले, म्हणून ते दूर शॅनन गावाला निघून गेले. निघताना मी बत्ता परत द्यायला गेले, तर तिने घेतला नाही. "तुझ्याकडंच राहू दे. मागितला तरी देत न्हाईस, तूच बरी."

फर्निचरवाला यंदा पुन्हा उभा आहे. परवा वाकडं नाक घेऊन आमच्या दारात आला, गोड बोलून मत मागायला. ती गेल्यावर मीही त्याच पक्षाचं कार्ड काढलं, तेही आता मत देण्याइतकं जुनं झालंय. मी आलं कुटत होते, तशीच दारात गेले. त्याच्या नाकाकडे बघून "ग्रँड," एवढंच म्हणाले आणि दार लावलं.

शनिवारी निवड आहे. बत्ता सुनेकडे देऊन जाणार. मागितला तरी देऊ नको, असं तिला बजावलंय.