तारेचं दुसरं टोक

माझं पंक्चरचं दुकान आणि काचवाल्यांची शेड यांच्यात एक पत्र्याची भिंत. गाड्यांच्या पुढच्या काचा काढायच्या आणि बसवायच्या, हाच त्यांचा धंदा.

पूर्वी काचेखालचं चिकटवलेलं रबर तारेनं कापायचे. एक टोक बाहेर त्यांच्या हातात, दुसरं गाडीत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं. तोंडानं भांडण चालू असलं तरी हात चुकत नसत. मग हवेवर चालणारी सुरी आली. पातं थरथरत रबरात शिरतं, एकट्याचं काम. "आता माझं इथे काय अडलंय?" म्हणत वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. ते बाळ आता शाळेत जातं.

'परत ये' असं काही काचवाल्यांनी म्हटलं नाही. मोडेन पण वाकणार नाही, असा गडी! दुपारी डबा घेऊन माझ्याकडे यायचे, ते तासभर उठायचे नाहीत. घर खायला उठलं की माणूस पंक्चरवाल्याशीही गप्पा मारतो.

परवा एक जुनी गाडी आली. तिची काच आता कुठेच मिळत नाही, म्हणून अख्खीच काढायची होती. खालच्या कोपऱ्यात पातं शिरेना. जोर केला तर काच तडकणार. तारच हवी. काचवाल्यांचा चेहरा असा खुलला की मीच चपापलो. लगेच त्यांनी फोन लावला. सुरीच्या आवाजानं कान गेलेत, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"तारेचं काम आलंय. दोन दिवस येतेस?"

"शेजारचे भाऊजी आहेत ना, त्यांना बसवा आत," वहिनी म्हणाल्या.

बसलो. "ओढा! आता सोडा! अहो, सोडा म्हणतोय!" दोन तारा तुटल्या, माझं बोट कापलं, पण काच अख्खी निघाली.

"आता तरी खरं सांगा त्यांना," मी चिडून म्हणालो. "काम नसलं तरी ये म्हणा. जीभ झडणार नाही."

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"निघाली का काच?"

"निघाली."

"मग आता काय?"

मी हातानं खुणा करून थकलो.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"कधीच. अजून काही?"

वहिनी थांबल्या होत्या. शपथेवर सांगतो, बराच वेळ थांबल्या होत्या.

"नाही," काचवाले म्हणाले. "ठेव."