रोहिणी नावाची हाक

आमच्या कोरगावच्या सुमंगलावहिनींइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. नर्स म्हणून म्हापशाच्या एका खाजगी इस्पितळात जन्म काढला. तिथे सगळे त्यांना सिस्टर म्हणत, गावात वहिनी. नवरा, कृष्णनाथभाऊ, वारले, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर घर खायला उठले. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की दिवसभर दारात माणूस नाही.

मग त्यांनी मनावर घेतले. फोनवरून पेशंटांना सल्ला देणाऱ्या सेवेत काम करायचे! "कोणीतरी बरे वाटत नाही म्हणून माझ्याशी बोलेल तरी गो," म्हणाल्या. पण त्यासाठी डिजिटल सर्टिफिकेट हवे. समोरची बाई खरीच नर्स आहे, हे त्याशिवाय कॉम्प्युटर मानत नाही. कागद पाठवले, लग्नाचा दाखलाही पाठवला. उरली व्हिडिओवरची ओळख-तपासणी.

त्या दिवशी माझ्या फोनसमोर आम्ही दोघी बसलो. वहिनी इस्त्रीची साडी नेसून. पडद्यावर बरेच जण थांबले होते आणि एक मॅडम एकेकाचे नाव पुकारत होती.

"रोहिणी पाटील... रोहिणी पाटील आहेत का?"

कोणी बोलेना. "काय बेजबाबदार बाई!" मी म्हटले. वहिनींनीही मान हलवली. सगळ्यांचे आटोपले, वहिनींचे नाव काही आलेच नाही आणि कॉल बंद झाला. मागोमाग मेसेज आला, उमेदवार गैरहजर.

वहिनींचा चेहरा पांढराफटक. "अगो देवा, ती मीच!"

नर्सिंगच्या रजिस्टरात त्यांचे बेळगावकडच्या माहेरचेच नाव होते. लग्नात तांदळात अंगठीने सुमंगला लिहिले नि रोहिणी तिथेच संपली. मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षे शेजार, पण मला तरी कुठे ठाऊक!

पुन्हा तारीख मिळाली, पण शेवटची. चुकले तर अर्जच रद्द. म्हणून मी कुंपणावरून वेळी-अवेळी ओरडू लागले, "रोहिणी!" सुरुवातीला त्या ढिम्म. "अहो वहिनी, कान आहेत की नाहीत?" मी चिडायची. हळूहळू त्यांची मान वळू लागली.

तारखेला मॅडमने नाव पुकारले आणि वहिनी ताडकन उभ्याच राहिल्या. "ओ!"

मॅडमला हसू आले. तिने कागद पाहिले, चेहरा पाहिला. "ठीक आहे, सर्टिफिकेट मंजूर."

"सुटले बाई!" मी म्हटले. "उद्यापासून घसा फोडायला नको."

वहिनींनी माझा हात धरला. डोळे भरून आले होते.

"मार ना गो हाक," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून कोणी मारलीच नव्हती."